आजाऱ्याची वही

ज्या घरांत दुधाचा रतीब दिनदर्शिकेवर रोज मांडला जातो, इस्त्रीच्या कपड्यांची यादी वहींत उतरते, आणि महिन्याअखेर जमाखर्चांतील दहा रुपयांची तफावत सांपडेपर्यंत कर्त्या पुरुषास झोंप येत नाहीं, त्याच घरांत आजारी माणसास दुपारचें औषध दिलें कीं नाहीं याचें उत्तर चौघांच्या आठवणीवर सोडलेलें असतें, हें आश्चर्य नव्हे काय? हिशेब पैशाचा असेल तर आपण कागदावर विश्वास ठेवतों. प्राणाचा असेल तर स्मरणशक्तीवर. ही विसंगति माझ्या ध्यानांत यावयास आमच्या घरीं एक अनर्थ ओढवतां ओढवतां टळावा लागला. तो वृत्तांत प्रथम सांगतें.

गेल्या वर्षींच्या श्रावणांतली गोष्ट. साताऱ्याच्या आमच्या घरीं आजी, म्हणजे माझ्या आजेसासूबाई, हृदयविकाराच्या झटक्यांतून सावरून रुग्णालयांतून नुकत्याच परत आल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी, मधुमेह जुना. शुश्रूषेस माणसांची वाण नव्हती. सासूबाई, थोरल्या जाऊबाई व मी होतोंच. शिवाय रात्रीपुरती एक बाई ठेविली होती. सकाळचें इन्शुलिन जाऊबाई देत. त्या दिवशीं रात्रींच्या बाईनें, घरच्यांचें काम तेवढेंच हलकें व्हावें अशा चांगल्या हेतूनें, जातां जातां तें स्वतःच दिलें. सांगावयास ती स्वयंपाकघरापर्यंत आलीही. परंतु मुलांच्या डब्यांची घाई, दारांत भाजीवाला, देवघरांत पूजेची तयारी, अशा गडबडींत सांगणें राहून गेलें. आठ वाजतां जाऊबाईंनीं नित्याप्रमाणें मात्रा भरली आणि दिली.

साडेदहाच्या सुमारास आजींस दरदरून घाम सुटला. हात कांपूं लागले, आणि माझ्याकडे पाहून त्या आपल्या कैक वर्षांपूर्वीं वारलेल्या बहिणीचें नांव घेऊं लागल्या. मामंजींस वाटलें, वयपरत्वें भ्रम झाला असेल. जाऊबाईंनीं मात्र साखर मोजण्याचें यंत्र आणलें. जो आंकडा सत्तरच्या खालीं जाऊं नये, तो ४२ आला. आजींस अद्याप नीट गिळतां येत होतें, म्हणून साखरपाणी चमच्याचमच्यानें पाजलें आणि तांतडीनें रुग्णालय गांठलें. तेथें डॉक्टरांनीं पहिलाच प्रश्न केला, “सकाळचें इन्शुलिन कोणीं दिलें?”

“मीं दिलें,” जाऊबाई म्हणाल्या. रात्रींच्या बाईस दूरध्वनीवरून विचारलें, तर तीही म्हणाली, “मीं दिलें.”

दोघी खरें बोलत होत्या. दोघींनीं आपलें कर्तव्य केलें होतें. आळस कोणीं केला नव्हता, हयगय म्हणावी अशीही कोणाची नव्हती. उणीव होती ती कागदावरील एका ओळीची. ज्या घरांत हात अनेक, त्या घरांत काम राहून जात नाहीं अशी आपली समजूत असते. परंतु नोंद नसेल तर अनेक हातांमुळें काम राहून जातें, किंवा तेंच काम दोनदां होतें. आजारी माणसाच्या बाबतींत दोन्ही सारखींच घातक.

रुग्णालयांतील त्या रात्रीं मी आजींजवळ होतें. दर तासास साखर मोजण्याची आज्ञा होती. पहांटे दोनचें माप घ्यावयास परिचारिका आल्या तेव्हां घड्याळांत दोन वाजून पस्तीस मिनिटें झालीं होतीं. शेजारच्या खाटेवरील रुग्णास एकाएकीं धाप लागल्यामुळें त्या तिकडे गुंतल्या होत्या. त्यांनीं माप घेतलें, आणि तक्त्यांत वेळ लिहिली, ‘२-३५’. पुढें विलंबाचें कारण व आपली सही. सकाळीं तो तक्ता पाहून माझे थोरले दीर संतापले. “पस्तीस मिनिटें उशीर, आणि तो पुन्हां लेखी कबूल करतात!” असें ते म्हणाले. मामंजींनीं आपलें सारें आयुष्य सरकारी खजिन्याच्या कचेरींत काढलेलें. ते शांतपणें म्हणाले, “अरे, तिनें ‘दोन’ असा आंकडा घातला असता, तर तुला काय कळणार होतें? खोटी जुळलेली वही मीं पुष्कळ पाहिली आहे. खरी न जुळलेली वही तिच्याहून शतपटीनें बरी. तिच्यावरून निदान चूक कोठें आहे तें सांपडतें.” दीर कांहीं बोलले नाहींत. मला मात्र त्या दिवशीं कळलें कीं, उत्तरदायित्व या भारी शब्दाचा अर्थ, आपला उशीर आपल्याच हातानें लिहून खालीं सही करणें, इतका साधा आहे.

रुग्णसेवा व लेखणी यांचें हें नातें आजचें नव्हे. आधुनिक परिचर्येची जननी म्हणून जिचें नांव घेतात, ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल हातांत दिवा घेतलेली करुणामूर्ति म्हणूनच आपणांस ठाऊक असते. परंतु १८५४ सालीं क्रिमियाच्या युद्धांत ती स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयांत गेली, तेव्हां तिनें दिव्याइतकाच उपयोग आंकड्यांचा केला. लढाईंतील जखमांहून हगवण, विषमज्वर यांसारख्या टाळतां येण्याजोग्या रोगांनींच अधिक शिपाई दगावले, हें तिनें पुढें १८५८ सालीं आंकडे आकृतींत मांडून इंग्लंडच्या राज्यकर्त्यांस पटविलें. प्रत्येक रुग्णालयानें आपल्या नोंदी एकाच नमुन्यांत ठेवाव्या, म्हणजे कोठें माणसें अधिक मरतात व कां मरतात तें ताडून पाहतां येईल, असा तिचा आग्रह होता. लंडनच्या संख्याशास्त्रीय संस्थेची ती पहिली स्त्री-सभासद. दया ही सेवेची प्रेरणा खरी, परंतु तिला नोंदीची जोड नसेल तर आपण बरें करीत आहों कीं वाईट, हें दयाळू माणसासही कळत नाहीं.

आपल्या प्रांतांत या व्यवसायास प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत एक नांव आपल्याच मातींतलें आहे. रमाबाई रानडे यांचा जन्म १८६२ सालचा, देवराष्ट्रे येथला. त्या काळीं तें गांव सातारा जिल्ह्यांत होतें. १९४९ सालीं दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला, १९६० सालीं त्याचें नांव सांगली पडलें, आणि देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यांत आहे. तेव्हां सातारकर व सांगलीकर या दोघांनींही त्यांस आपल्या म्हणावें. १९०९ सालीं त्यांच्या पुढाकारानें पुण्यास सेवासदन सुरू झालें, आणि तेथील स्त्रियांस ससून रुग्णालयांत परिचारिकेचें शिक्षण मिळूं लागलें. परक्या माणसाची उष्टीं-खरकटीं काढणें, मलमूत्र उचलणें, हें काम आपल्या घरच्या स्त्रीनें करावयाचें, या कल्पनेनें तेव्हांच्या पांढरपेशा घरांचा संताप झाला होता. त्यांत विधवेनें घराबाहेर पडणें ही आणखी एक भर. तरीही स्त्रिया गेल्या. आपल्या आजी-पणजींच्या पिढीस ज्या कामाचा विटाळ वाटला, त्याच कामाच्या भरंवशावर आज आपण आपल्या आजीस रुग्णालयांत ठेवून निर्धास्त घरीं येतों, हें विसरूं नये.

त्याहीपूर्वीं, १८९४ सालीं, मिरजेस डॉ. विल्यम वानलेस यांनीं मिशनचें रुग्णालय उघडलें, आणि तेथें परिचारिकांच्या शिक्षणाचीही सोय झाली. सांगली-मिरजेच्या दरम्यानची वानलेसवाडी व तेथील क्षयरोग्यांचें आरोग्यधाम हीं त्यांच्याच नांवाचीं. क्षयावर खात्रीचें औषध नव्हतें, त्या काळीं अशा आरोग्यधामांतून रोग्याचा सायंकाळचा ज्वर, नाडी व वजन यांचा आलेख हाच वैद्याचा डोळा असे. कोणीं अंथरुणांत पडून राहावें, कोणीं चार पावलें फिरावें, कोणीं घरीं जावें, हें त्या आलेखावरून ठरे. तेव्हां संध्याकाळचा ज्वर न मोजतांच ‘कालच्याप्रमाणें’ असें लिहिणारा हात एखाद्याच्या आयुष्याचा चुकीचा निकाल लिहीत असे.

चांगली नोंद कशास म्हणावें? ज्या परिचारिकांशीं या निमित्तानें बोलणें झालें, त्यांजकडून जें समजलें तें थोडक्यांत देतें. औषध देण्यापूर्वीं पांच गोष्टी पडताळावयाच्या: रुग्ण तोच, औषध तेंच, मात्रा तीच, देण्याचा मार्ग तोच, आणि वेळ तीच. नोंद औषध दिल्यावर लागलीच करावयाची. आधीं लिहून ठेवावयाची नाहीं, कीं पाळी संपतांना आठवून भरावयाची नाहीं. औषध दिलें नाहीं, तर कां दिलें नाहीं तेंही लिहावयाचें. ‘रुग्णाची प्रकृति ठीक’ हें वाक्य निरुपयोगी. ‘रात्रीं दोनदां उठून बसले, उजव्या कुशीवर दुखतें म्हणाले, पाणी एक पेला घेतलें’ हें वाक्य उपयोगी; कारण पहिल्यांत लिहिणाऱ्याचें मत आहे, दुसऱ्यांत रुग्ण आहे. लिहितांना चूक झाली तर ती खोडरबरानें पुसावयाची नाहीं, शाईनें काळीही करावयाची नाहीं. वाचतां येईल अशी एकच रेघ मारून शेजारीं बरोबर मजकूर, वेळ व सही घालावयाची. पाळी बदलतांना जाणारीनें येणारीस खाटेपाशीं उभें राहून सर्व सांगावयाचें. आमच्या घरीं राहिलें होतें तें नेमकें हेंच. या धंद्यांत एक वचन रूढ आहे कीं, जें लिहिलें नाहीं तें केलेंच नाहीं असें समजावें. प्रथम तें मला कठोर वाटलें; आतां वाटत नाहीं.

कायद्यानेंही या जबाबदारीस हळूहळू आकार दिला. मुंबई इलाख्यांत १९३५ सालीं परिचारिका व सुइणी यांच्या नोंदणीचा कायदा झाला. देशापुरती परिचर्या परिषद १९४७ च्या कायद्यानें आली. महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा १९६६ चा, आणि २०२३ सालीं संसदेनें राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदा मंजूर केला. नोंदणीचा अर्थ इतकाच कीं, परिचारिकेचें नांव एका सार्वजनिक पटावर असतें, आणि गंभीर गैरवर्तन सिद्ध झाल्यास तें त्या पटावरून निघूं शकतें. जिचें नांव कोठेंच नाहीं, तिला जाब कोणीं विचारावा? घरीं शुश्रूषेस बाई ठेवतांना आपण तिचें गांव व पगार विचारतों. नोंदणीचें प्रमाणपत्र मात्र क्वचितच विचारतों. नोंदणी नसलेली बाई हात धरून फिरवील, अंघोळ घालील, प्रेमानें बोलेल, आणि त्या कामाचें मोल थोडें नाहीं. परंतु सुई टोंचण्याचें काम तिजकडे सोंपवूं नये. आमच्याकडून तीच चूक झाली होती, आणि तिचा दोष त्या बाईचा नव्हे, आमचा होता.

या बेपर्वाईचें फळ किती भयंकर असूं शकतें, हें १९९८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकालांत काढलेल्या एका खटल्यावरून दिसतें. १९९३ सालीं दिल्लींतील एका रुग्णालयांत विषमज्वरानें आजारी असलेल्या एका बालकास डॉक्टरांनीं सांगितलेल्या औषधाऐवजीं परिचारिकेनें दुसरेंच औषध शिरेंतून टोंचलें. मुलाचें हृदय बंद पडलें. प्राण वांचले, पण मेंदूस कायमची इजा झाली. न्यायालयानें मुलास साडेबारा लाख व त्याच्या आईबापांस पांच लाख रुपयांची भरपाई कायम केली, आणि ती रुग्णालयावर बसविली. म्हणजे परिचारिकेच्या हातून झालेल्या चुकीचें उत्तर तिला कामावर नेमणाऱ्या संस्थेनेंही दिलें पाहिजे.

हें न्याय्यच आहे. एकट्या परिचारिकेवर रात्रभर वीस-पंचवीस खाटा सोंपवावयाच्या, आणि मग तक्त्यांतील एक रकाना रिकामा कां म्हणून तिलाच दटावावयाचें, ही नीति नव्हे. जी माणसें मोजून ठेवीत नाहीं, त्या संस्थेस मिनिटें मोजण्याचा अधिकार कोठून येणार? खरी नोंद हवी असेल तर खरें लिहिणारीस अभय हवें. उशीर लिहिल्याबद्दल शिक्षा झाली, तर उद्यां उशीर होईलच. फक्त तो दिसणार नाहीं.

रुग्णाच्या बाजूनें एक हक्कही लक्षांत ठेवावा. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांनीं आंतररुग्णाचीं कागदपत्रें उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षें जपावयाचीं असतात, आणि रुग्णानें वा त्याच्या अधिकृत माणसानें मागितल्यास बहात्तर तासांच्या आंत द्यावयाचीं असतात. तीं मागण्यांत भांडण नाहीं. पुढच्या डॉक्टरास मागचा इतिहास कळावा, एवढ्यासाठींच तीं मागावीं व जपून ठेवावीं.

आजी चार दिवसांनीं घरीं आल्या. त्याच संध्याकाळीं मामंजींनीं एक जाड बांधणीची वही आणली आणि स्वतः पट्टीनें रेघा आंखून रकाने पाडले: तारीख, वेळ, औषध, मात्रा, साखर, खाणेंपिणें, विशेष, सही. वही औषधांच्या डब्याखालीं ठेवावयाची, म्हणजे वही उचलल्यावांचून डबा उघडतां येऊं नये, ही युक्ति जाऊबाईंची. इन्शुलिन कोणीं द्यावयाचें त्या व्यक्तीचें नांव पहिल्या पानावर लिहिलें. पहिले आठ दिवस सह्या करतांना सर्वांस हंसूं येई. दिरांनीं एकदां सही विसरल्याबद्दल मामंजींनीं त्यांस ऑफिसांतून दूरध्वनीवर बोलावून विचारलें, तेव्हांपासून हंसूं थांबलें. महिन्याभरांत त्या वहीवरून डॉक्टरांच्याच ध्यानांत आलें कीं, एकादशीच्या दिवशीं आजींची साखर हटकून उतरते, आणि त्या दिवसाची मात्रा त्यांनीं निराळी ठरवून दिली. आमच्यापैकीं कोणाच्याही आठवणींत ही गोष्ट बसली नसती.

दिवाळीनंतर आजी दोन महिन्यांसाठीं सांगलीस आत्याबाईंकडे राहावयास गेल्या. बरोबर औषधांचा डबा आणि त्याखालीं वही. माघांत त्या परतल्या, तेव्हां मीं सर्वांआधीं वही उघडली. साताऱ्याचें अक्षर संपून सांगलीचें अक्षर सुरू झालें होतें, मध्यें एकही दिवस कोरा नव्हता. एके ठिकाणीं आत्याबाईंनीं लिहिलें होतें, ‘रात्रींची गोळी विसरलें. सकाळीं ध्यानांत आलें. डॉक्टरांस विचारून पुढची नेहमींच्या वेळीं दिली.’ खालीं सही. मामंजींनीं तें वाचलें, चष्मा पुसला, आणि पुढचें पान आंखावयास घेतलें.