देवघरातला शाळिग्राम

पुष्कळांच्या देवघरात काळा, गुळगुळीत शाळिग्राम असतो. त्याच्यावर चक्र असते. वज्रकीट नावाच्या किड्याने ते कोरले, असे जुनी माणसे सांगतात. ही गोष्ट अगदीच खोटी नाही. जीव होता खरा. पण त्याने दगड कोरला नाही, त्याचाच दगडात ठसा राहिला.

शाळिग्राम येतात नेपाळातून, काळी गंडकी नदीच्या पात्रातून. आज तिथे हिमालय आहे. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. त्यात अमोनाइट नावाचे प्राणी राहत. आपले कोळी ज्याला माकूल म्हणतात, त्याचे हे लांबचे भाऊबंद. पण यांच्या अंगावर गुंडाळलेला शंख असे. शंखात भिंती घालून खोल्या केलेल्या. शेवटच्या खोलीत प्राणी राही. मागच्या खोल्यांत हवा असे, म्हणून तो पाण्यात अधांतरी राही. तो मेला की शंख तळाच्या चिखलात रुते. पुढे चिखलाचा दगड झाला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी अमोनाइटांचा वंशच संपला.

तो ओळखायचा कसा? दोराची चुंबळ आठवा. एकच दोर बाहेरून आत गुंडाळत जातो. दगडावरच्या रेघेवर बोट ठेवा आणि फिरवत न्या. बोट मध्याकडे गेले, तर तो अमोनाइट असू शकेल. त्यावर बरगड्यांसारखे उंचवटेही असतात. आपल्या शेतात अकीकाच्या गारगोट्या मिळतात. त्यांतही वर्तुळे दिसतात, पण प्रत्येक वर्तुळ बंद. बोट फिरून जागच्या जागी येते! आपला काळा पत्थर लाव्हारसाचा, त्यात अमोनाइट नाही. कच्छात मात्र मिळतात. बाजारात कोरलेली चक्रेही खपवतात, तेव्हा जपून.

आता निगा. बायाबापड्या तांब्याच्या भांड्यांबरोबर शाळिग्रामही चिंचेने घासतात. तसे करू नका. दगडात चुन्याचा अंश असला तर आंबटाने तो झिजतो, आणि बारीक उंचवटे आधी जातात. साधे पाणी पुरे. लगेच मऊ फडक्याने टिपा. काहींच्या आत पितळेसारखी चकाकी असते. एका घरी सोने समजून पोरांनी आजोबांचा शाळिग्राम फोडलेला आम्ही पाहिला. ते होते लोखंड आणि गंधक! ओलीत ठेवला की त्याची भुकटी होते, दगड तडकतो. पावसाळ्यात तर फारच सांभाळा.

आणखी एक करा. दगड कुठून आला, कोणी आणला, केव्हा आणला, हे चिठ्ठीवर लिहून त्याच्या डबीत ठेवा. त्या घरी आजोबा गेले, आणि दगड कुठला हे सांगणारे कोणी उरले नाही. आता तुम्हाला लिहिता येते. आजच लिहा.