हौद, पिंप आणि पंप : बीडच्या गोठ्यापर्यंत विष कसे पोहोचते

गावात धडधाकट बैल रातोरात मेला की 'त्याने काय खाल्ले' हे कोणी आधी विचारत नाही. आधी विचारतात ते 'कोणी घातले'. बांधाचा वाद, भाऊबंदकी, मागल्या ग्रामपंचायतीतली खुन्नस, सगळे एका रात्रीत आठवते. या संशयाला जुना आधार आहे. इंग्रजी अमलात कातड्यासाठी जनावरे मारणारे लोक पिठाच्या गोळ्यातून सोमल चारत, नाहीतर गुंजेच्या बिया वाटून, वाळवून केलेली अणकुचीदार सुई कातडीखाली टोचत. जखम एवढीशी, मरण काही दिवसांनी, आणि बघणाऱ्याला वाटावे की पान लागले, म्हणजे साप चावला. जयसिंग मोदींचे न्यायवैद्यकाचे पाठ्यपुस्तक 1920 साली निघाले. भारतीय पोलीस आणि डॉक्टर पिढ्यानपिढ्या अशा पुस्तकांवर शिकले, आणि त्यांत या सुयांचे वर्णन हमखास सापडते. 1860 च्या दंडसंहितेचे 429 वे कलम हत्ती, उंट, घोडा, खेचर, म्हैस, बैल, गाय अशी नावे घेऊन जनावराला विष घालणे गुन्हा ठरवत होते. 1 जुलै 2024 पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचे 325 वे कलम आले. यादी गेली, कोणतेही जनावर त्यात बसू लागले.

वैरी आजही असतात. पण पशुवैद्यकातल्या विषशास्त्राचे कोणतेही पुस्तक उघडा, मुद्दाम घातलेल्या विषापेक्षा नजरचुकीने पोटात गेलेल्या विषाचीच पाने जास्त. आणि बीडसारख्या जिल्ह्यात ते विष बहुतेक वेळा घरचेच असते. स्वतः पैसे मोजून आणलेले, स्वतःच्या कोठीत ठेवलेले.

या जिल्ह्याचे दोन भाग डोळ्यांसमोर ठेवले पाहिजेत. गोदावरी-सिंदफणेच्या बाजूला, गेवराई-माजलगावकडे, काळी जमीन, कापूस आणि ऊस. बालाघाटाच्या अंगाला, आष्टी-पाटोदा-शिरूर कासारकडे, हलकी जमीन, ज्वारी-बाजरी आणि दुधाच्या पगारावर चालणारा संसार. खाली फवारणी जास्त, वर जनावरांवर भिस्त जास्त. दोन्हीकडे घर मात्र सारखेच : बी, खत, औषध आणि सरकी पेंड एकाच कोपऱ्यात. ज्या पिंपात औषध कालवले त्याच पिंपात दुसऱ्या दिवशी म्हशीला पाणी. पंप धुवायला सगळ्यांत सोयीची जागा कोणती, तर जनावरांचा हौद. पाचशे फुटांवर गेलेल्या बोअरचे पाणी जपून वापरणाऱ्या माणसाला दोन पिंपे, दोन हौद ठेवा असे सांगणे सोपे आहे. सांगणाऱ्याने एकदा मे महिन्यात आष्टी तालुक्यात राहून दाखवावे.

याच पिंपातून युरियाही जातो. युरिया कीटकनाशक नाही, पण मारण्यात कमी नाही. ठिबकमधून सोडण्यासाठी भिजवून ठेवलेल्या युरियाच्या पाण्याला तहानलेली गाय तोंड लावते. कोठीपोटातले जंतू त्याचा भराभर अमोनिया करतात आणि तासाभराच्या आत जनावर थरथरू लागते, पोट फुगते, कण्हते. त्यावरचा उपाय किराणा दुकानात मिळतो : भरपूर थंड पाणी आणि व्हिनेगर. मोठ्या जनावराला व्हिनेगर काही लिटर पाजावे लागते, म्हणून घरातली एक बाटली पुरत नाही. शिवाय पाजताना ते फुफ्फुसात जाता कामा नये. नळीने पाजणारा माणूस हाताशी असला तर उत्तम.

मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस, डायमेथोएट ही मंडळी सेंद्रिय फॉस्फरसच्या कुळातली. 1936 साली जर्मनीत गेरहार्ड श्रेडर पिकावरच्या किडीसाठी नवी रसायने शोधत होता. त्यातून टाबुन हा युद्धात वापरायचा विषारी वायू निघाला. शेतातली औषधे त्याच घराण्यातली आहेत हे विसरता येत नाही. मज्जातंतू स्नायूला किंवा ग्रंथीला हुकूम देतो तो अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनामार्फत. काम झाले की एक विकर त्याचे लगेच तुकडे करते. ही विषे त्या विकरालाच बांधून टाकतात. मग हुकूम संपतच नाही. तोंडातून लाळेच्या तारा, डोळ्यांतून पाणी, पुन्हा पुन्हा पातळ शेण आणि मूत्र, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, अंगावरचे स्नायू फडफडतात आणि छातीत घरघर. शेवटी जनावर श्वास कोंडून मरते. कार्बोफ्युरान, मेथोमिल ही कार्बामेट कुळातली औषधे तेच करतात, फक्त त्यांची बांधणी आपोआप सुटू शकते.

उतारा आहे : अ‍ॅट्रोपिन. पण इथे गणित आडवे येते. माणसांच्या दवाखान्यातल्या लहान अँप्युलमध्ये 0.6 मिलिग्रॅम अ‍ॅट्रोपिन असते. गुराला पुस्तकातली मात्रा किलोमागे पाव मिलिग्रॅम धरली तरी 400 किलोच्या बैलाला 100 मिलिग्रॅम लागते, म्हणजे दीडशेहून जास्त अँप्युल. रात्री दहाला तालुक्याच्या गावी मेडिकल उघडे सापडले तरी एवढा माल कोणाकडे असतो? म्हणून पशुवैद्य मोठ्या बाटल्या मागवून ठेवतो, आणि त्या संपल्या असतील तर बैलाचे नशीब. शिवाय हात सैल सोडूनही चालत नाही. अ‍ॅट्रोपिन जास्त झाले की कोठीपोटाची हालचाल थांबते आणि विषातून वाचलेले जनावर फुगून मरते. फॉस्फरसवाल्या विषात सोबत प्रालिडॉक्झिम द्यायचे असते. ते बांधलेले विकर सोडवते, पण ती बांधणी एक-दोन दिवसांत पक्की होते. उशिरा दिलेले प्रालिडॉक्झिम वाया. गंमत म्हणजे अ‍ॅट्रोपिन हे द्रव्य बांधाबांधावरच्या धोत्र्यातही असते. तरी धोत्र्याचा रस पाजण्याच्या फंदात कोणी पडू नये, कारण कोणत्या पानात किती हे पान सांगत नाही.

औषध पोटातूनच जाते असेही नाही. गोचीड झाले की कपाशीसाठी आणलेले सायपरमेथ्रीन नाहीतर आणखी जहाल काही अंदाजाने पाण्यात ओतून म्हशीच्या अंगावर चोळायचे, ही जुनी खोड आहे. जनावरांसाठीची वेगळी औषधे मिळतात : डेल्टामेथ्रीन, फ्लुमेथ्रीन, अमिट्राझ. त्यांचे प्रमाण ठरलेले असते. पिकाच्या औषधातले द्रावकच कातडीला जाळते, जखमेतून विष थेट रक्तात जाते, आणि उरलेले जनावर चाटून पोटात घेते. लहान वासरांना तर थोडेही पुरते. घोड्याला अमिट्राझ लावू नये, त्याचे आतडे थांबून पोटशूळ उठतो. मांजराला परमेथ्रीन लावू नये, त्याच्या यकृताला ते फोडता येत नाही. आणि औषध लावण्याआधी जनावराला पोटभर पाणी पाजावे, नाहीतर ते अंगावरून ओघळणारे औषधच चाटते. एवढी साधी गोष्ट बाटलीवरच्या बारीक अक्षरात हरवून जाते.

गेल्या काही वर्षांत एक नवी वाट उघडली आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे मला वाटते. चाऱ्याच्या मक्यावर पूर्वी फारसे कोणी फवारत नसे. 2018 साली अमेरिकन लष्करी अळी कर्नाटकातून महाराष्ट्रात आली आणि मक्याच्या पोंग्यात औषध टाकणे नेहमीचे झाले. इमामेक्टिन, स्पिनेटोरम, क्लोरअँट्रानिलीप्रोल ही नावे दूधवाल्या पट्ट्यातही पोहोचली. ही औषधे जुन्या फॉस्फरसवाल्यांइतकी जहाल नाहीत. पण पोंगा हाच चाऱ्याचा सर्वांत कोवळा भाग. फवारणी आणि कापणी यांत किती दिवस सोडायचे हे दाण्याच्या पिकाला सांगितलेले असते. चारा मात्र गरज पडेल तेव्हा कापला जातो, आणि दुष्काळात ती गरज आजच असते. 2019 च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यात शेकड्यांनी चारा छावण्या चालू होत्या. भुकेले जनावर एरवी ज्याला तोंड लावत नाही ते खाते, वास घेत नाही.

कपाशीच्या पट्ट्यात वेचणी संपली की पऱ्हाट्यांत शेरडे-मेंढरे सोडतात. शेवटच्या बोंडांवर गुलाबी अळीसाठी काय आणि कधी मारले हे मेंढपाळाला कोण सांगणार? 2006 साली तेव्हाच्या आंध्रातल्या वरंगळ भागात बीटी कपाशीत चरलेल्या मेंढ्या मेल्याची तक्रार झाली. वाद बियाण्यावर पेटला. सरकारी बाजूने कीटकनाशकाच्या अंशाकडे बोट दाखवले. कोणाचे खरे हे इथे सोडवायचे नाही, पण दोन्ही बाजूंच्या भांडणात मेंढपाळाचा साधा प्रश्न, या शेतात किती दिवसांनी जाऊ, तसाच राहिला.

उसाचे वेगळे. बीडच्या ऊसतोड टोळ्या दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि त्यांचे बैल महिनोन्‌महिने वाढ्यांवर जगतात. हुमणीसाठी उसाच्या मुळाशी फोरेट टाकले जाई. तोडणीच्या उसाच्या वाढ्यांत ते उरण्याची शक्यता कमी. धोका कोपीजवळच्या ताज्या लागणीत पडलेल्या दाण्यांचा, फेकलेल्या पिशव्यांचा. फोरेट, डायक्लोरव्हॉस, ट्रायझोफॉस 31 डिसेंबर 2020 पासून बंद झाले, मेथोमिल 2023 च्या आदेशाने. एंडोसल्फान सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच थांबवले. त्याची बाधा झालेल्या जनावराला झटके येत आणि त्यावर नेमका उतारा नव्हताच. बैल परमुलुखात मेला तरी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल मात्र जिवंत राहते, हे टोळीतल्या कोणालाही विचारावे.

सगळेच मरण बाटलीतल्या विषाचे नसते, हेही तितकेच खरे. पावसाने ताण दिलेल्या कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार होते. गावात किराळ लागली म्हणतात. जनावर मिनिटांत कोसळते आणि शेजारच्याने फवारलेल्या तुरीवर आळ जातो. किराळीवर सोडियम थायोसल्फेटची शीर-सुई वेळेत मिळाली तर जनावर उठून उभे राहते, पण अ‍ॅट्रोपिनने काही होत नाही. म्हणून निदान चुकले की उतारा असून उपयोग नाही. पक्ष्यांचेही तसेच. जानेवारी 2021 मध्ये बीड जिल्ह्यात मेलेल्या कावळ्यांत आणि शेजारच्या परभणीतल्या मुरुंब्याच्या कोंबड्यांत भोपाळच्या प्रयोगशाळेला बर्ड फ्लू सापडला. मेलेले पक्षी दिसले की विषाचे नाव पटकन तोंडी येते, तसे तेव्हाही विषच समजून कोणी हातमोजे न घालता ते उचलले असते तर?

आता उंदरांचे औषध. त्याच्या एका मोठ्या शाखेचा जन्मच गोठ्यात झाला. 1920 च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात बुरसलेला गोड क्लोव्हर चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. कॅनडातला पशुवैद्य फ्रँक स्कोफिल्डने कारण चाऱ्यात शोधले. 1933 च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनचा एक शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोहोचला. लिंकच्या चमूने त्या चाऱ्यातून डायकुमारॉल वेगळे केले. त्याच धाग्यावरून वॉरफरिन आले आणि 1948 साली ते उंदरांवर बाजारात आले. गुरांना मारणाऱ्या चाऱ्यातून निघालेले औषध जगभरच्या कोठारांत ठेवले गेले.

आज आपल्याकडे मिळणारे ब्रोमाडिओलोन त्याच वंशातले, पण जास्त टिकाऊ. खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. चार-सहा दिवस अडखळत हिंडतो. तेवढ्यात तो मांजराला, कुत्र्याला, गव्हाणी घुबडाला सहज सापडतो. उंदीर मारायचे म्हणून ठेवलेली वडी उंदीर खाणाऱ्यालाच संपवते. कुत्र्याच्या हिरड्यांतून, नाकातून रक्त येऊ लागते किंवा काहीच दिसत नाही आणि छातीत रक्त साचते. यावर जीवनसत्त्व के-1 उपयोगी, तेही तीन-चार आठवडे. के-3 ने भागत नाही. दोन दिवसांत कुत्रे खेळू लागले की मालक गोळ्या थांबवतो, आणि पुढच्या आठवड्यात ते मरते.

झिंक फॉस्फाइड याच्या उलट, झटपट. काळपट पूड, 96 भाग भरडा, 2 भाग तेल, 2 भाग पूड असे आमिष. आधी दोन-तीन दिवस बिनविषारी भरडा ठेवायचा असतो, कारण उंदीर नव्या खाण्याला बिचकतो. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की फॉस्फिन वायू सुटतो. कुत्र्याने ते खाल्ले तर त्याच्या ओकारीला लसणासारखा, कुजक्या मासळीसारखा वास येतो आणि तो वायू उपचार करणाऱ्यालाही बाधतो. म्हणून असे कुत्रे उघड्यावर तपासावे आणि त्याला खायला काही देऊ नये, अन्नाने आम्ल वाढते.

पाटोदा तालुक्यात नायगावला 1994 पासून मोरांचे अभयारण्य आहे, सुमारे 30 चौरस किलोमीटरचे. मोर कुंपण मानत नाही. पेरलेली ज्वारी, भुईमूग टिपायला तो आसपासच्या रानात उतरतो, आणि बियाण्यावर चोळलेले इमिडाक्लोप्रिड त्याच्या पोटात जाते. बी मातीने नीट झाकले तरी धोका बराच कमी होतो. मेलेले जनावर उघड्यावर टाकण्याचेही तसेच. पूर्वी ते गिधाडे संपवत. गुरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅकने ती देशभर जवळजवळ संपली आणि 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. आता मढे कुत्र्यांच्या वाट्याला येते, आणि विषाने मेलेले असेल तर दुसरी फेरी सुरू होते. ते खोल पुरावे, पण त्याआधी शवविच्छेदन व्हावे.

आणि गाडे नेमके इथेच अडते. पशुवैद्याने कोठीपोटातला माल, यकृत, मूत्रपिंड काढून रासायनिक तपासणीसाठी मिठाच्या संपृक्त पाण्यात ठेवायचे असते. फॉर्मालिनमध्ये फक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे तुकडे. त्यात पडलेला माल विष शोधायला निकामी. बरण्या मोहोरबंद करून, पंचनाम्यासह पोलिसांमार्फत छत्रपती संभाजीनगरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जातात. सोबत नुसता 'विषबाधेचा संशय' असे लिहून भागत नाही. गोठ्यात, शेतात काय सापडले, कोणते औषध कधी फवारले, जनावर पहिल्यांदा कधी थरथरले हे लिहावे लागते, म्हणजे तपासणाऱ्याला कुठून सुरुवात करायची ते कळते. शेतकरी मात्र तोवर बाटली उकिरड्यावर फेकून आलेला असतो, कारण ती त्याचीच असते आणि शेजाऱ्यावर फिर्याद द्यायची असते. विम्याच्या कागदासाठीही तोच अहवाल लागतो. गावाकडे पशुवैद्य मिळत नसेल तर 1962 या क्रमांकावर फिरत्या पथकाला बोलावता येते, आणि फोनवर सर्वांत आधी सांगायचे ते औषधाचे नाव, किंवा निदान बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंग : लाल, पिवळा, निळा की हिरवा.