दख्खनच्या कातळावरील कोरडी श्वेत वाइन : माती, हवामान आणि छाटणीची तारीख

प्रस्तावना :

कर्जत तालुक्यातील कोंडाणे येथील बौद्ध लेणी ज्या काळ्या कातळात कोरलेली आहेत, तोच बेसाल्ट खडक नाशिक जिल्ह्यातील द्राक्षमळ्यांच्या तळाशी आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या लाव्हाच्या थरांतून हा सर्व प्रदेश घडला. तथापि राजमाचीच्या पायथ्याशी असलेल्या कोंडाण्याच्या परिसरात भात पिकतो (कर्जतच्या संशोधन केंद्राने भाताच्या जातींना आपल्या गावाचेच नाव दिले आहे), तर नाशिकला १९९७ मध्ये सॉव्हिन्यॉन ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या फ्रान्समधील ल्वार खोऱ्याशी नाते सांगणाऱ्या जातींची लागवड होऊन २००० पासून त्यांची कोरडी श्वेत वाइन बाजारात आली. खडक एक असता फळ निराळे का, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सह्याद्रीची दोन अंगे :

पहिले उत्तर पावसाचे आहे. कर्जतच्या बाजूस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. घाट ओलांडून पर्जन्यछायेत गेल्यावर नाशिक शहरी तो सुमारे ७०० मिलिमीटरवर येतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीमुळे तेथे हिवाळ्याच्या रात्री थंड असतात आणि निफाडचा पारा तर दरवर्षी वृत्तपत्रांचा विषय होतो. द्राक्षवेलीस पानांवरील सततचा ओलावा मानवत नाही. त्यातून केवडा (डाऊनी मिल्ड्यू) बळावतो. सबब घाटाखाली जे शक्य नाही ते घाटावर शक्य झाले.

मातीचे खरे कार्य :

फ्रेंच लोक जमीन, उतार आणि हवामान यांच्या एकत्रित ठशास 'तेर्वार' म्हणतात. या संज्ञेचा आधार घेऊन वाइनमध्ये 'खडकाची चव' उतरते असे जाहिरातींतून सांगितले जाते. हे विधान शब्दशः घेता येणार नाही. बेसाल्टचा स्वाद मुळांवाटे फळात चढत नाही. माती प्रामुख्याने पाण्याच्या मार्गाने कार्य करते. बेसाल्ट झिजून सखल भागी खोल काळी माती होते. ती पाणी धरून ठेवते, वेल पानांनी माजते आणि घड सावलीत राहतात. उतारावरील उथळ, मुरमाड जमिनीतून पाण्याचा निचरा लवकर होतो. तेथे पाणी ठिबकने मोजून देता येते, वेलीची वाढ आवरते आणि मण्यांतील रस घट्ट होतो. वाइनसाठी हीच 'हलकी' जमीन भारी ठरते.

येथे आणखी एक बारकावा आहे. महाराष्ट्रात क्षारयुक्त जमीन व पाणीटंचाई यांवर उपाय म्हणून 'डॉगरिज' या खुंटावर कलमे बांधण्याची पद्धत रूढ झाली. खाण्याच्या द्राक्षांना ती उपकारक ठरली. परंतु हा खुंट पोटॅशियम अधिक उचलतो. ते रसातील टार्टारिक आम्लाशी संयोग पावते आणि रसाची आंबट धार बोथट होते. कोरड्या वाइनमध्ये साखर जवळजवळ संपूर्ण आंबून गेलेली असते, त्यामुळे आम्लाची उणीव झाकण्यास काहीही उरत नाही. म्हणून वाइनच्या मळ्यांत '११० आर' यांसारख्या खुंटांकडे लक्ष वळले. माती आणि वेल यांच्यामध्ये खुंट हा तिसरा घटक असतो, ही गोष्ट तेर्वारच्या चर्चेत सहसा निसटते.

उलटा ऋतुक्रम :

ल्वारमध्ये वेल हिवाळ्यात झोपते, उन्हाळ्यात वाढते आणि शरदात, म्हणजे हवा गार होत असताना, पिकते. नाशिक सुमारे २० अंश अक्षांशावर आहे. तेथे वेलीस खरी झोप नाही. म्हणून शेतकरी तिला दोनदा छाटतो. एप्रिलमधील खरड छाटणीनंतर कडक उन्हात काडीवर फळधारक डोळे तयार होतात. पावसाळा सरता सरता केलेल्या गोडी छाटणीनंतर घड येतात. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांवर हायड्रोजन सायनामाइड लावले जाते. श्वेत जातींची तोडणी साधारणतः जानेवारी-फेब्रुवारीत होते.

याचा परिणाम दूरगामी आहे. युरोपात फळ थंडीकडे जात पिकते, येथे ते उन्हाकडे जात पिकते. जानेवारीच्या थंड रात्री मॅलिक आम्ल टिकवतात. फेब्रुवारी उलटू लागताच उष्णतेने ते झपाट्याने जळते, साखर वाढते. सॉव्हिन्यॉनचा हिरव्या मिरचीसारखा, गवताळ गंधही ऊन आणि उष्णता यांनी विरत जातो. उशीर झाला तर वाइन जड व सपाट, घाई झाली तर नुसतीच आंबट. त्यामुळे तोडणीचा निर्णय दिवसांत घ्यावा लागतो, आठवड्यांत नव्हे. फळ पहाटेच्या गारव्यात तोडून पोलादी टाक्यांत कमी तापमानास आंबवले जाते, ते आधीच कमावलेला गंध राखण्यासाठी. 

छाटणीची तारीख :

तेव्हा नाशिकच्या श्वेत वाइनचे स्वरूप सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हाती धरलेल्या कात्रीशी येऊन ठेपते. छाटणी लवकर केली तर पीक थंडीत पिकते, पण कोवळी फूट परतीच्या पावसात सापडते. उशिरा केली तर फूट वाचते, पण फळ मार्चच्या उन्हात जाते. मधली तारीख कोणती, हे फ्रेंच ग्रंथांत सापडणार नाही, कारण तेथे हा प्रश्नच उद्भवत नाही. मातीचा आणि हवामानाचा ठसा येथे निसर्गदत्त म्हणण्यापेक्षा दरवर्षी जोखीम पत्करून घेतलेला असतो.

ही जोखीम कमी होत आहे असे दिसत नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' चक्रीवादळ उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर आले आणि त्याचा पाऊस घाट ओलांडून नाशिकच्या द्राक्षपट्ट्यापर्यंत पोहोचला. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील अवकाळी पावसानेही तेथील बागांचे मोठे नुकसान केले. ऑक्टोबरच्या आरंभी छाटलेली वेल नोव्हेंबरच्या मध्यास फुलोऱ्यात असते आणि त्या अवस्थेत दोन दिवसांचा पाऊस घडांची गळ व कूज घडवण्यास पुरतो. अशा वर्षी घाटाखालचे आभाळ घाटावर येते, आणि वाइनसाठी निवडलेल्या मुरमाड उतारावर शेतकरी फवारणीचे पंप घेऊन उभा असतो.