सव्वातीन तासांची कमाई

‘वशिला’ हा शब्द आपण आवाज जरा खाली घेऊनच उच्चारतो. वॉशिंग्टनमध्ये त्याच्या चुलतभावाला, म्हणजे लॉबिंगला, कार्यालय असतं, व्हिजिटिंग कार्ड असतं आणि दर तिमाहीला हिशेबही द्यावा लागतो. सरकारपुढे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीतच आहे. पैसे घेऊन दुसऱ्याचं गाऱ्हाणं मांडत असाल तर ते कुणाचं आणि कितीला, हे मात्र 1995च्या कायद्याने जाहीर करायला लावलं.

गूगलचं उदाहरण घेऊ. ही कंपनी जन्मली 1998मध्ये. त्याच वर्षी अमेरिकी न्याय खात्याने मायक्रोसॉफ्टला मक्तेदारीच्या आरोपावरून कोर्टात खेचलं. राजधानीतल्या राजकारणाकडे मायक्रोसॉफ्टने तोवर फारसं लक्षच दिलं नव्हतं. पुढच्यास ठेच लागली आणि मागचा शहाणा झाला, तोही बेताबेताने. 2003मध्ये गूगलचा लॉबिंगचा खर्च होता 80 हजार डॉलर. 2005मध्ये वॉशिंग्टनला कार्यालय थाटलं तेव्हा तिथे माणूस एकच, ॲलन डेव्हिडसन. आणि 2012चा खर्च? सुमारे 1 कोटी 82 लाख डॉलर. त्याच वर्षी कार्यालयाची सूत्रं सुझन मोलिनारी यांच्याकडे आली. त्या रिपब्लिकन पक्षाच्या माजी खासदार. कोणत्या दालनात कुणाला कधी गाठायचं, हे त्यांना वेगळं शिकवायची गरज नव्हती.

2012मध्येच नेमकी एवढी उधळण का? तेव्हा फेडरल ट्रेड कमिशन गूगलच्या शोधनिकालांची चौकशी करत होतं. जानेवारी 2013मध्ये आयोगाने दावा न लावता प्रकरण मिटवलं. पैशामुळे मिटलं असा पुरावा नाही, आणि मीही तसं म्हणत नाही. पण काही मुद्द्यांवर दावा लावावा अशी शिफारस आयोगाच्याच कर्मचाऱ्यांनी केली होती. चुकून बाहेर पडलेल्या अहवालामुळे हे कळलं 2015मध्ये!

आता त्या 1 कोटी 82 लाखांचं वजन करू. गूगलची 2012ची उलाढाल सुमारे 50 अब्ज डॉलरची होती. म्हणजे वर्षभराचं लॉबिंग उरकलं जेमतेम सव्वातीन तासांच्या कमाईत. एवढ्या स्वस्तात दुसरं काय मिळतं?

बरं, लॉबिंगचं यश दिसायला कायदा पास व्हावाच लागतो असं नाही. तो पास न होणं हेही यशच. बड्या प्लॅटफॉर्मनी स्वतःचाच माल पुढे रेटू नये, असं विधेयक एमी क्लोबुशार आणि चक ग्रासली या परस्परविरोधी पक्षांच्या सिनेटरांनी मिळून आणलं. गूगल, ॲमेझॉन, ॲपल, मेटा यांनी त्याला जोरदार विरोध केला. जानेवारी 2022मध्ये ते समितीत 16 विरुद्ध 6 मतांनी संमत झालं, पण सिनेटच्या पूर्ण सभागृहात मतदानाला आलंच नाही. वर्षभराने काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, मुदत संपली आणि विधेयकही संपलं. कुणाला उघडपणे ‘नाही’ म्हणावं लागलं नाही.

हिशेबाच्या कागदालाही भोकं आहेत. कंपनी सिनेटशी बोलली हे त्यात असतं, कोणत्या सिनेटरशी ते नसतं. तिमाहीत 20 टक्क्यांहून कमी वेळ या कामात घालवणाऱ्याला लॉबिस्ट म्हणून नोंदणी करावी लागत नाही. विद्यापीठांना आणि अभ्याससंस्थांना दिलेल्या देणग्या तर या खात्यात येतच नाहीत.

खासदाराला चहाला बोलावता येतं, न्यायाधीशाला नाही. न्याय खात्याने 2020मध्ये लावलेल्या दाव्यात न्यायाधीश अमित मेहता यांनी 5 ऑगस्ट 2024 रोजी निकाल दिला की, गूगलने इंटरनेट शोधातली मक्तेदारी बेकायदा टिकवली. क्रोम ब्राउझर विकायला मात्र त्यांनी वर्षभरानंतरही लावलं नाही.

लॉबिंगच्या हिशेबाचे तिमाही अहवाल सिनेटच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतात. 2012चा एखादा काढा. रकमेवर फार रेंगाळू नका. थेट ‘विशिष्ट मुद्दे’ या रकान्यापासून सुरुवात करा.