ओट्यावरचा उजेड
इंदूरच्या स्वयंपाकघरात पोहे वाफेवर ठेवून कांदा चिरणाऱ्या व्यक्तीची सावली नेमकी विळीवर पडते, कारण छतावरचा दिवा बहुधा तिच्या पाठीमागे असतो. म्हणून भिंतीवरील कपाटाच्या तळाशी, पुढच्या कडेला, एलईडी पट्टी बसवणे हाच खरा उपाय होय. ही पट्टी सहसा 12 किंवा 24 व्होल्टच्या एकदिश, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहावर चालत असल्याने 230 व्होल्टच्या घरगुती विजेचे रूपांतर करणारा ‘ड्रायव्हर’ लागतो व तो वाफेपासून दूर ठेवावा लागतो. कपाटाखाली दडवलेले 6 अँपिअरचे सॉकेट मिक्सरला पुरते, इंडक्शन शेगडीला मात्र 16 अँपिअरचे हवे. ओल्या हातांच्या या जागेत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळता प्रवाह ओळखून क्षणार्धात वीज तोडणारा स्विच, अत्यावश्यकच आहे.