कापसाचा एक तंतू

भिंगाआडून : लेखांक १७

गेले दोन आठवडे आपण वाघूर धरणाच्या काठावर बसून पक्षी टिपत होतो. ते लेखांक वाचून जामनेर आणि पहूरच्या तीन वाचकांनी जवळपास एकच प्रश्न पाठवला. दिवाळीच्या सुट्टीत मालवणला जायचं आहे, स्कूबा करताना पाण्याखाली फोटो काढायचे आहेत, तर कॅमेरा कोणता घ्यावा? आपल्यापासून समुद्र किती लांब! जळगावहून कल्याण, पनवेल करत कोकण रेल्वेने कुडाळला उतरेपर्यंत माणूस शिणून जातो. तरी आपल्या भागातल्या माणसांना पाण्याखालचं जग टिपावंसं वाटतं, याचा मला मनापासून आनंद झाला. कॅमेऱ्यांबद्दल पुढे सांगतोच. पण आधी एका रबराच्या रिंगबद्दल बोलू द्या. पाण्याखालचा सगळा भरवसा तिच्यावर असतो, आणि तिच्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे मी एक चांगला कॅमेरा गमावला आहे.

डिसेंबरचे दिवस होते. भाव वाढेल या आशेने घरात भरून ठेवलेला कापूस पुढच्या खोलीत छताला टेकला होता. पहाटे निघायचं म्हणून रात्री त्याच खोलीत बसून मी हाउसिंग बंद केलं. हाउसिंग म्हणजे कॅमेरा आत ठेवायची पाणबंद पेटी. मालवणला पोचल्यावर ते पुन्हा उघडलं नाही. घट्ट बंद आहे, मग कशाला उघडायचं, असा माझा हिशेब. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडीतून उतरलो, जेमतेम दोन मीटर खाली गेलो, तोच काचेच्या आतून पाण्याची बारीक रेघ सरकताना दिसली. वर येईपर्यंत कॅमेरा अर्धा बुडाला होता. संध्याकाळी रिंग काढून दिव्याखाली धरली, तर तिच्यावर आडवा चिकटलेला कापसाचा एक तंतू. तो जामनेरहून माझ्याबरोबर सातशे किलोमीटरहून जास्त प्रवास करून आला होता.

ही रिंग आपल्याला नवी नाही. ठिबकचा फिल्टर धुणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत आहे. जाळी धुतली, झाकण लावलं, मोटार चालू केली आणि झाकणाच्या कडेने पाण्याची चिळकांडी उडाली, तर आपण लगेच ओळखतो की रिंगखाली वाळूचा खडा अडकला. आमच्याकडे मोटारी दुरुस्त करणारा मिस्त्री प्रत्येकाला बजावतो, "भाऊ, रिंग पहिले पुसा, मग बसवा." फरक एवढाच की फिल्टर गळला तर माती ओली होते, हाउसिंग गळलं तर कॅमेरा जातो.

रिंग पाणी अडवते कशी, हे समजलं की तिची निगा आपोआप कळते. हाउसिंगच्या दोन भागांमध्ये एक खाच असते. रिंग त्या खाचेत बसते आणि झाकण दाबलं की थोडी चपटी होते. पाण्यात उतरलो की बाहेरचं पाणी तिला खाचेच्या आतल्या भिंतीकडे रेटतं, ती फटीवर आणखी घट्ट दाबली जाते. म्हणजे जितकं खोल जावं तितकी ती जास्त घट्ट बसते. म्हणूनच रिंगमध्ये केस, वाळू किंवा तंतू असेल तर गळती बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन मीटरमध्येच उघडी पडते. माझं तसंच झालं. हाउसिंग धरून थेट खाली जायचं नाही, ते याचसाठी. होडीच्या कडेला पाण्यात मिनिटभर धरावं, बुडबुड्यांची साखळी निघते का ते नीट पाहावं, मगच खाली न्यावं.

पाण्याचा जोर किती, तेही एकदा हिशेबाने पाहू. दर दहा मीटर खोलीला पाणी सुमारे एका वातावरणाएवढा दाब वाढवतं, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो. हाउसिंगची मागची बाजू १५ बाय १० सेंटिमीटरची धरली तर १५० चौरस सेंटिमीटर होतात. दहा मीटरवर त्या एका बाजूवर दीडशे किलोंचा भार येतो. दीड क्विंटल कापूस! तो पेलायचं काम प्लास्टिक करतं, पण फट राखायचं काम त्या रिंगचंच.

पाण्याखालच्या छायाचित्रणाची सुरुवातही गळतीनेच झाली. १८५६ मध्ये विल्यम थॉम्पसन यांनी इंग्लंडच्या वेमथ गावाजवळ पेटीत बंद केलेला कॅमेरा होडीतून समुद्रात सोडला. पेटीत पाणी शिरलं, तरी काचेवर अंधूक का होईना चित्र उमटलं. ओल्या झालेल्या त्या काचेने चित्र धरून ठेवलं. आजच्या कॅमेऱ्यातलं सर्किट खाऱ्या पाण्याचा थेंबही सोसत नाही.

आता निगा. हाउसिंग बंद करायचं ठिकाण आधी ठरवा. कापसाच्या, गाद्या-गोधड्यांच्या खोलीत नाही, पंख्याखाली नाही, आणि हलत्या होडीत तर मुळीच नाही. ओल्या केसांनी हाउसिंगवर वाकू नका, केसांतला थेंब थेट कॅमेऱ्यावर पडतो. टेबलावर धुतलेला, तंतू न सोडणारा कपडा पसरा, म्हणजे चष्म्याबरोबर मिळतो तसा. रिंग काढताना सुई, ब्लेड, स्क्रू-ड्रायव्हर लावू नका. बोटांनी दोन बाजूंनी दाबली की ती एका जागी वर येते. नाही आली तर जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा पुरतो. दोन बोटांच्या चिमटीतून सगळी रिंग फिरवा. डोळ्यांना न दिसणारा वाळूचा कण बोटांना लागतो. खाच पुसायला कान साफ करायची कापसाची काडी अनेक जण वापरतात. तीच नको, ती खाचेत तंतू सोडते. कपड्याचा कोपरा चिमटून खाचेतून फिरवा.

मग ग्रीस. यात सर्वांत जास्त गैरसमज आहे. ग्रीस पाणी अडवत नाही, पाणी रिंगच अडवते. ग्रीसमुळे ती मऊ राहते आणि झाकण लावताना पिळवटत नाही, एवढंच. मोहरीच्या दाण्याएवढं पुरतं. रिंग चमकली पाहिजे, पण तिच्यावर पांढरा थर दिसता कामा नये, कारण जादा ग्रीसला धूळ आणि तंतू हटकून चिकटतात. ग्रीस हाउसिंगच्या कंपनीनेच दिलेलं वापरा. रिंगांचं रबर वेगवेगळं असतं आणि एका रबराला चालणारं ग्रीस दुसऱ्याला फुगवतं. घरातलं व्हॅसलीन किंवा ट्रॅक्टरचं ग्रीस लावू नका. एक नवी रिंग नेहमी बरोबर ठेवा आणि वापरातली दरवर्षी बदला. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीजवळ जातो. त्या उन्हात बंद गाडीत राहिलेली रिंग वरून धड दिसली तरी तिच्यावर विसंबू नये.

हाउसिंग बंद करताना हवेचाही विचार हवा. कोकणातली दमट हवा आत कोंडली आणि पेटी गार पाण्यात गेली की काचेला आतून दव धरतं. सगळे फोटो धुक्यातले येतात. म्हणून सकाळी, शक्यतो एसीच्या खोलीत, हवा कोरडी असताना बंद करावं आणि आत सिलिका जेलची पुडी टाकावी. आणि बंद केल्यावर पेटी उन्हात ठेवू नये, पाण्यात उतरेपर्यंत ओल्या टॉवेलखाली असावी.

पाण्यातून वर आल्यावर खरी कसोटी असते, कारण तेव्हा माणूस दमलेला आणि फोटो पाहायला उतावीळ असतो. मीठ वाळू द्यायचं नाही. वाळलेलं मीठ बटणांच्या दांड्यांभोवती खडे धरतं आणि पुढच्या वेळी बटण दाबलं की आतल्या बारीक रिंगांना घासतं. खोलीवर आल्याबरोबर बंद हाउसिंग गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा आणि पाण्यात असतानाच प्रत्येक बटण दहा-दहा वेळा दाबा. होडीवरच्या सगळ्यांच्या सामाईक टबात कॅमेरा सोडून जाऊ नका, दुसऱ्याचं जड सामान त्यावर आदळतं. घरी बोअरच्या पाण्याने धुतलंत तर क्षारांचे पांढरे डाग काचेवर बसतील. शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या. पूर्ण पुसून, वाळवून, काच खाली करून मगच उघडा. आणि वर्षभर कपाटात ठेवताना झाकण आवळून ठेवू नका. रिंग काढून पिशवीत ठेवा, नाहीतर ती कायमची चपटी होते.

एवढं सगळं वाचून ज्यांना कंटाळा आला नाही, त्यांनीच खरेदीचा विचार करावा, असं मी अगदी मनापासून सांगतो. पाण्याखालचं साहित्य निवडताना माझी कसोटी एकच आहे: जेवढ्याची निगा दर वेळी, दमलेले असतानाही, तुम्ही करू शकता, तेवढंच घ्या.

फोन नेऊ नका. फोनवर लिहिलेला जलरोधक दर्जा प्रयोगशाळेतल्या स्थिर, गोड्या पाण्यातला असतो. समुद्राचं खारं पाणी वेगळं, आणि पाण्यात स्क्रीन बोटाला दादही देत नाही. ॲक्शन कॅमेरा स्वस्त, सुटसुटीत आणि व्हिडिओला छान. पण त्याची नजर रुंद आणि फोकस ठरलेला, त्यामुळे जवळचा छोटा जीव धूसर येतो.

मालवणसाठी माझी निवड स्पष्ट आहे. मुळातच पाणबंद असलेला छोटा कॅमेरा, जसा ऑलिम्पसचा टीजी-६ किंवा त्यानंतरचा ओएम सिस्टमचा टीजी-७. तो हाउसिंगशिवाय १५ मीटरपर्यंत चालतो आणि भिंगापासून एका सेंटिमीटरवरची वस्तूही टिपतो. मालवण-तारकर्लीला पर्यटकांना नेतात ती खोली साधारण दहा मीटरच्या आत असते. तरी तो हाउसिंगमध्ये घालूनच न्यावा, कारण त्याच्या बॅटरीच्या झाकणाखालीही एक रिंगच आहे.

जवळून टिपणारा कॅमेरा का, याचं कारण तिथल्या पाण्यात आहे. आपला पश्चिम किनारा गढूळ. नद्यांचा गाळ, लाटा, सूक्ष्म जीव यांमुळे चांगल्या दिवशीही काही मीटरच दिसतं. दूरचा मासा टिपायचा तर मध्ये तेवढं गढूळ पाणी येणार. भिंग आणि विषय यांच्यात पाणी जितकं कमी, तितका फोटो स्वच्छ. प्रवाळाच्या फटीतला खेकडा, खडकावरची रंगीत समुद्री गोगलगाय, ही मालवणची खरी दौलत. शिवाय पाण्यामुळे आपला अंदाजही चुकतो. सपाट काचेतून वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊण अंतरावर, म्हणजे जवळ आणि मोठी भासते. त्यामुळे नवखा माणूस नेहमी लांबूनच बटण दाबतो. जवळ वाटलं की आणखी थोडं जवळ जा.

मोठा कॅमेरा आणि त्याचं हाउसिंग पहिल्या वर्षी घेऊ नका. हाउसिंग बऱ्याचदा कॅमेऱ्याइतकंच महाग असतं आणि ते त्या एकाच मॉडेलला बसतं. कॅमेरा बदलला की पेटी निकामी.

त्याऐवजी पैसे दिव्यात घाला. पाणी लाल रंग सर्वांत आधी गिळतं. पाच-सात मीटरवरच लाल गायब होतो, मग नारिंगी, नंतर पिवळा, आणि उरतो तो निळा-हिरवा. लाल मासाही फोटोत करडा येतो. रंग परत आणायला उजेड बरोबर न्यावा लागतो. पण तो भिंगाला लागून नको. जिनिंगमध्ये दिव्याच्या झोतात तरंगणारे कापसाचे तंतू कसे चमकतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. गढूळ पाण्यात भिंगाजवळचा फ्लॅश तसाच प्रत्येक कण पांढरा करून टाकतो. दिवा लांब दांडीवर, बाजूने, तिरका धरला की कण अंधारात राहतात आणि विषय उजळतो.

आणि कॅमेऱ्याआधी पोहणं. जो स्वतः पाण्यात तोल सांभाळू शकत नाही तो फोटोसाठी प्रवाळाला हात टेकतो, आणि प्रवाळाची वाढ अतिशय मंद असते. मालवणचा हा किनारा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. पहिल्या फेरीत तिथे शिका, कॅमेरा दुसऱ्या फेरीत न्या.

सरावासाठी विहिरीत, धरणात किंवा शेततळ्यात उतरू नका, हे मला फार कळकळीने सांगायचं आहे. शेततळ्याचा प्लास्टिकचा उतार ओला झाला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येऊ देत नाही. चाचणीसाठी अंगणातला पाण्याचा ड्रम पुरे. रिकाम्या हाउसिंगमध्ये कोरडा टिश्यू कागद ठेवा, वजनासाठी दोरीने दगड बांधा, ड्रमच्या तळाशी तासभर ठेवा, बाहेर काढून पुसा आणि काच खाली करून उघडा. कागदाचा एक कोपरा जरी ओलसर लागला, तरी त्या हाउसिंगमध्ये कॅमेरा घालू नका.

पावसाळ्यात बंद असलेलं मालवणचं स्कूबा पाऊस सरल्यावर सुरू होतं आणि पाणी नोव्हेंबरपासून निवळू लागतं. ज्या तीन वाचकांनी पत्रं पाठवली, त्यांनी हाउसिंग मिळवून ही ड्रममधली चाचणी येत्या रविवारी करावी आणि कागद कोरडा निघाला की ओला, ते मला कळवावं. पुढच्या लेखांकात त्यावरच बोलू.