सम्राटाचे रिंगण आणि दात्यांचा डोंगर

अ‍ॅम्फिथिएटर म्हणजे मधल्या लंबवर्तुळाकार रिंगणाभोवती चहूबाजूंनी चढत जाणाऱ्या पायऱ्यांचे खुले प्रेक्षागृह. ग्रीक नाट्यगृह बहुधा डोंगरउताराच्या आधाराने अर्धवर्तुळात बांधले जाई. रोमन स्थपतींनी मात्र कमानी आणि काँक्रीट यांच्या बळावर असे रिंगण सपाट जमिनीवरही उभे केले. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध असे रोमचे कोलोसियम सम्राट व्हेस्पेशियनने आरंभिले, ते ज्यूंविरुद्धच्या युद्धातील लुटीतून आणि आधीचा सम्राट नीरो याच्या राजवाड्यातील तलावाच्या जागेवर. इ.स. ८० मध्ये त्याचा पुत्र टायटस याने शंभर दिवसांच्या खेळांनी त्याचे उद्घाटन केले. सुमारे ५० हजार प्रेक्षकांना सामावणाऱ्या या वास्तूत ८० प्रवेशद्वारे होती. सिनेटचे सदस्य रिंगणालगत, सरदारवर्ग त्यांच्या मागे, सामान्य नागरिक त्याहून वर आणि बहुतेक स्त्रिया सर्वांत वरच्या सज्ज्यात, अशी बैठकव्यवस्था असल्यामुळे साम्राज्याची सामाजिक उतरंडच तेथे दगडात मांडलेली दिसे. ग्लॅडिएटर, म्हणजे शस्त्रांनी लढणारे बहुधा गुलाम किंवा युद्धकैदी असलेले योद्धे, आणि दूरदेशीची हिंस्र जनावरे यांचे खेळ विनामूल्य दाखवून सम्राट आपले वैभव व प्रजेवरील सत्ता एकाच वेळी प्रकट करीत असे. निम, आर्ल, व्हेरोना, पुला आणि आजच्या ट्युनिशियातील एल जेम येथील रिंगणे हाच नमुना प्रांतोप्रांती गेल्याची साक्ष देतात.

कोकणचा किनारा रोमच्या सत्तेखाली कधीच नव्हता, त्यामुळे येथे असे रिंगण झाले नाही. परंतु रोमच्या व्यापाराशी या किनाऱ्याचा निकट संबंध होता. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात सोपारा, कल्याण आणि चौल या बंदरांची नावे येतात, तर भारत, चीन व अरबस्तान यांच्याकडील चैनीच्या मालापायी साम्राज्याचे दरसाल १० कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) बाहेर जातात, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने केली आहे. याच व्यापाराच्या वाटांलगत, आजच्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीचा बौद्ध विहार बेसॉल्टच्या डोंगरात कोरला जात होता.

शंभराहून अधिक लेणी असलेल्या या विहाराचे वेगळेपण त्याच्या दानलेखांतून कळते. व्यापारी, सोनार, लोहार, गृहपती, भिक्षू आणि भिक्षुणी यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे कोणी खोली, कोणी बाक, कोणी पाण्याचे टाके दिले. तिसऱ्या क्रमांकाचे भव्य चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले उपासनागृह, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात व्यापारी बंधूंच्या दानातून घडले. शिवाय अनेक दात्यांनी ‘अक्षयनीवी’ ठेवली. मूळ रकमेला किंवा शेतजमिनीला धक्का न लावता केवळ तिच्या उत्पन्नातून भिक्षूंच्या वस्त्रांचा व इतर गरजांचा खर्च भागावा, अशी ही कायम ठेव होती. पावसाचे पाणी पन्हाळींनी टाक्यांत साठवण्याची सोय असल्यामुळे डोंगरावर वर्षभर वस्ती राहू शकली.

दोन्ही संस्थांचा पुढचा इतिहास या आर्थिक पायाशी जुळतो. प्रांतांतील रिंगणे बहुधा स्थानिक धनिकांच्या पदरमोडीवर चालत, राजधानीतील खेळ सम्राटाच्या खजिन्यावर. साम्राज्य खचले, ख्रिस्ती विचाराचा प्रभाव वाढला आणि पाचव्या शतकात ग्लॅडिएटरांच्या लढती थांबल्या, तर सहाव्या शतकानंतर कोलोसियमचे दगड इतर इमारतींसाठी नेले जाऊ लागले. कान्हेरीत मात्र सातवाहनांची सत्ता लोपल्यानंतरही कोरीवकाम सुरू राहिले. नवव्या शतकातील लेखांत राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचे नाव आढळते आणि ९० क्रमांकाच्या लेण्यात १००९ व १०२१ सालच्या पारशी पाहुण्यांनी पहलवी लिपीत नोंदी कोरल्या आहेत. राजाश्रय कान्हेरीलाही लाभला, तथापि तिचा भार एका राजघराण्यावर नव्हता, हेच तिच्या हजार वर्षांच्या आयुष्याचे एक मुख्य कारण मानावे लागते.